नटावं जरूर, लपवावं कशाला?

मराठीत जवळच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात. अक्षरं धूसर झाली की आपण ‘चाळिशी लागली’ असं सहज सांगून टाकतो आणि वयाच्याच नावाची ती वस्तू नाकावर ठेवून चारचौघांत वावरतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. केसांसाठीही आपल्या भाषेने फार चांगलं क्रियापद ठेवलं आहे. केस ‘पिकतात’. आंबा पिकतो, शेत पिकतं, तसे केस पिकतात. ‘आम्ही काही उन्हात केस पांढरे केलेले नाहीत’ हे तर आपण भांडणातसुद्धा अभिमानाने ऐकवतो. भाषेने पांढऱ्या केसाला अनुभवाचा एवढा मान दिला, आणि तरी पन्नाशीतल्या बाईच्या भांगात बोटभर पांढरी रेघ दिसली की हळदीकुंकवाला पहिला प्रश्न येतो, ‘अगं, बरं नाही का तुला?’

मी आता एक्कावन्न वर्षांची आहे. अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा केस रंगवले आणि एकोणपन्नासाव्या वर्षी थांबले. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात भांगातली रेघ उघडी पडतेच. म्हणजे वर्षाला सतरा रविवार. कालवणं, लावणं, थांबणं, धुणं, न्हाणीघराच्या फरशीवरचे डाग घासणं असे प्रत्येक रविवारचे दोन तास. अकरा वर्षांचा हिशेब मी एकदा वहीत मांडला. पावणेचारशे तास भरले. त्या तासांत मला काही आनंद झाला होता का, हे मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. एकदाही नाही. साडी नेसताना होतो, गजरा माळताना होतो, तसला आनंद त्यात कधीच नव्हता. तिथे फक्त धास्ती होती, की आता उशीर झाला, सोमवारी ऑफिसात दिसेल.

शेवटचा रविवार मला नीट आठवतो. नेहमीचं पाकीट दुकानात नव्हतं. दुकानदाराने दुसरं काढून दिलं. ‘ताई, हर्बल आहे, काही होत नाही,’ म्हणाला. कपाळाच्या कडेने व्हॅसलीन लावलं, जुना पंचा खांद्यावर घेतला, प्लास्टिकच्या वाटीत रंग कालवला आणि पस्तीस मिनिटं ठेवून धुतला. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी कानामागे खाज सुटली. मंगळवारी सकाळी डोळे उघडेनात. पापण्या इतक्या सुजल्या होत्या की आरशात चेहऱ्याच्या जागी दोन फटी दिसत होत्या. कपाळाच्या कडेने बारीक फोड आले होते आणि त्यांतून पाणी येत होतं.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न केला, ‘पॅच टेस्ट केली होती का? आधी थोडासा रंग त्वचेवर लावून पाहिला होता का?’

‘मॅडम, अकरा वर्षं लावतेय मी.’

‘ही ॲलर्जी अशीच येते. वर्षानुवर्षं काही होत नाही आणि एके दिवशी होते. एकदा आली की मग जन्मभर राहते.’

घरी येऊन मी केराच्या डब्यातून ते खोकं बाहेर काढलं आणि चाळिशी लावून वाचलं. बारीक ठशात पॅरा-फिनिलीनडायअमाइन हे नाव होतं. काळा किंवा गडद तपकिरी रंग देणाऱ्या बहुतेक पक्क्या हेअर डायमध्ये हेच किंवा याच्या जवळचं रसायन असतं. त्याचे बारीक रेणू केसाच्या आत शिरतात, सोबतच्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग पावून मोठे आणि काळे होतात आणि आतच अडकतात. म्हणून तो रंग पाण्याने जात नाही. आपल्या देशातला नियम सांगतो, की अशा रंगाच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही वेष्टनांवर, इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत सूचना हवी: यातल्या घटकांमुळे काहींच्या त्वचेला दाह होऊ शकतो, आधी चाचणी करा; पापण्यांना आणि भुवयांना लावू नका, त्याने अंधत्व येऊ शकतं. माझ्या खोक्यावर इंग्रजी सूचना होती, हिंदी होती, मराठी नव्हती. आणि ज्या वयाच्या माणसांसाठी हा रंग बनतो, त्या वयाच्या डोळ्यांना चष्म्याशिवाय दिसणार नाही इतक्या बारीक अक्षरांत होती. समोरच्या बाजूला मात्र हाताएवढ्या आवळ्याचं आणि माक्याच्या पानांचं चित्र होतं. वर ‘नॅचरल ब्लॅक’ असं लिहिलं होतं.

या ‘नॅचरल’ शब्दाविषयी मला बोलायचं आहे, कारण पन्नाशीच्या आसपासच्या बायकांना आज सगळ्यात जास्त फसवणारा शब्द तोच आहे. माझ्या आईच्या पिढीला ‘गोरेपणा’ विकला गेला. तो शब्द आता लाजिरवाणा झाला. २०२० साली तर देशातल्या सर्वांत खपाच्या गोरेपणाच्या क्रीमने नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला. आता आपल्या पिढीला नैसर्गिकपणा विकला जातो. पार्लरमध्ये ‘नो मेकअप लुक’ मिळतो आणि त्यासाठी चेहऱ्यावर नेहमीपेक्षा जास्त थर चढवावे लागतात. काळी मेंदी मिळते. खरी मेंदी केसाला केशरी-तांबडा रंग देते, कारण तिच्या पानातलं लॉसोन हे रंगद्रव्य त्याच रंगाचं आहे. नुसत्या मेंदीने केस कधीच काळे होत नाहीत. पाकिटातली मेंदी केस काळेभोर करत असेल तर तिच्यात दुसरं काहीतरी घातलेलं आहे, आणि बहुतेक वेळा ते हेच पॅरा-फिनिलीनडायअमाइन असतं. २०२२ साली देशातल्या एका मोठ्या विमानकंपनीने विमानातल्या कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या नियमांच्या बातम्या आल्या होत्या. पांढरे केस चालणार नाहीत, ते नियमितपणे ‘नैसर्गिक’ छटेत रंगवलेले असावेत, असं त्यांत होतं. तो नियम बायकांना होता तसा पुरुषांनाही होता. मला धक्का बसला तो त्यातल्या एका शब्दाने. डोक्यावर आपोआप आलेला रंग अनैसर्गिक ठरला आणि बाटलीतला नैसर्गिक.

आजारपणानंतर सव्वा वर्ष लागलं मला सगळे रंगवलेले केस कापून निघायला. ते दिवस अवघड होते, हे मी कबूल करते. वरचे केस पांढरे, खालचे तपकिरी. बसमध्ये ज्या मुली मला ‘काकू’ म्हणायच्या त्या ‘आजी, बसा ना’ म्हणायला लागल्या. भाचीच्या लग्नात नणंदेने बाजूला घेऊन ‘निदान फोटोपुरतं तरी काहीतरी कर’ म्हणून सांगितलं. ते तिने मायेने सांगितलं होतं, म्हणूनच जास्त लागलं. मी ज्या पतसंस्थेत काम करते तिथल्या साहेबांनी एकदा थांबवलं. ‘मॅडम, काउंटरला जरा फ्रेश दिसायला हवं. लोकांना वाटतं, आजारी माणूस बसवलाय.’ साहेबांचे स्वतःचे केस पांढरेशुभ्र आहेत, आणि त्या केसांमुळे ते किती रुबाबदार दिसतात हे ऑफिसातल्या बायकाच एकमेकींना सांगतात. मीही सांगितलेलं आहे.

इथे हा प्रश्न माझ्या घरातल्या आरशापुरता राहत नाही. पुरुषाच्या डोक्यावर जो रंग अधिकार देतो, तोच बाईच्या डोक्यावर गबाळेपणा ठरत असेल, तर तिने महिन्याला किती पैसे आणि किती रविवार खर्च करायचे हे तिने ठरवलेलं नसतं. ‘हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, कुणी जबरदस्ती केली आहे का?’ असं मला बरेच जण म्हणतात. निवड तेव्हाच निवड असते, जेव्हा दुसरा पर्याय घेतल्यावर काही गमवावं लागत नाही. माझी एक मैत्रीण मुलांसाठी पंधरा वर्षं घरी होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा नोकरी शोधायला निघाली, तेव्हा प्रत्येक मुलाखतीच्या आदल्या रात्री केस रंगवायची. तिचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. घराचे हप्ते डोक्यावर असताना तिने पांढरे केस घेऊन तत्त्वाची लढाई लढावी, असं सांगण्याचा अधिकार मला नाही. खासगी नोकरीत वयावरून भेदभाव करू नये असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. तो यायला हवा. तोवर निदान प्रत्येक आस्थापनेने आपल्या पेहरावाच्या नियमांत एक वाक्य लिहावं, की केस स्वच्छ आणि नीट बांधलेले हवेत, रंगाची अट नाही. एवढं वाक्य लिहायला पैसे पडत नाहीत. ते लिहिलेलं असतं, तर त्या दिवशी साहेबांना उत्तर द्यायला मला काहीतरी आधार मिळाला असता. मी नुसती मान खाली घालून जागेवर जाऊन बसले.

केस निदान सहसा जिवावर बेतत नाहीत. चेहऱ्याची गोष्ट जास्त गंभीर आहे.

चाळिशीनंतर आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी डाग येतात. त्याला आपण वांग म्हणतो. गरोदरपणात आलेले कधी जातात, कधी राहतात. संप्रेरकं आणि ऊन दोन्ही त्याला कारण असतात. वांग हा काही घाणीचा डाग नाही आणि घासून जात नाही. पण ‘चेहरा किती काळवंडला’ हे वाक्य ऐकलं की बाई आधी घासते, मग लिंबू लावते. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि डाग आणखी गडद होतो. घरगुती म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत आपण सोडायला हवी. त्यानंतर ती जाते मेडिकलच्या दुकानात. आमच्या शेजारच्या वहिनींना अशीच एक ट्यूब मिळाली होती. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, सोसायटीतल्या चार जणींनी नाव विचारून घेतलं. चौथ्या महिन्यात वहिनींच्या गालांवर लाल शिरांचं जाळं दिसू लागलं, हनुवटीवर लव दाट झाली, आणि ट्यूब बंद केली की चेहऱ्याची आग व्हायची, म्हणून त्या पुन्हा लावायच्या. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. त्वचारोगतज्ज्ञांना हा चेहरा लांबून ओळखता येतो, इतका तो आपल्याकडे सर्रास झाला आहे. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. वहिनींनी ट्यूब घेतली ती त्यानंतर, आणि चिठ्ठी त्यांना कुणी मागितली नाही.

दुसरी गोष्ट पाऱ्याची. पारा त्वचेतला रंग तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून बेकायदा क्रीमवाले तो वापरतात. तो त्वचेतून आत जातो आणि मूत्रपिंडं बिघडवतो. २०२३ साली अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघी जणींची बातमी आली होती. दोन बहिणी आणि त्यांची आई, तिघीही एकच क्रीम लावत होत्या आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कारण शोधता शोधता त्या क्रीममधला पारा सापडला. आपल्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. नियम कडक आहे. पण आठवडी बाजारात, पार्लरच्या कपाटात, बिनालेबलाच्या डबीत जे मिळतं त्याची तपासणी करायला कोण येतं? त्या बातमीतली आई मला विसरता येत नाही. मुलीने लावलं म्हणून आईने लावलं. पन्नाशीच्या आसपासच्या बाईलाही आपल्या रंगाबद्दल अजून समाधान नसावं, याची जबाबदारी तिच्या एकटीवर टाकता येणार नाही.

मग करायचं काय? मी जे करते ते सांगते. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी दोन भेटींत शिकवलेलं आणि बाकी आईकडून आलेलं, असं ते मिळून आहे.

पाळी थांबण्याचं वय आपल्याकडे सरासरी ४६-४७ आहे. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालं की त्वचा पातळ आणि कोरडी होते. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजेन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, जातं. म्हणजे विशीत चालणारा साबण आणि स्क्रब या वयात नको. मी चेहऱ्याला दिवसातून एकदाच, रात्री, सौम्य फेसवॉश लावते. सकाळी नुसतं पाणी. अंघोळीचं पाणी कोमट. अंग टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, तोही बिनवासाचा. पैसे खर्च करायचेच असतील तर सनस्क्रीनवर करावेत, असं डॉक्टर बाई म्हणाल्या आणि मला ते पटलं. एसपीएफ ३० जवळपास ९७ टक्के तांबूसपणा आणणारे किरण अडवतं, ५० जवळपास ९८ टक्के. तेव्हा आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा किती लावतो ते महत्त्वाचं. तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीची एकेक रेघ, एवढं चेहऱ्याला आणि मानेला मिळून लागतं. बहुतेक जणी वाटाण्याएवढं लावतात आणि मग उपयोग होत नाही म्हणतात. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन घ्यावं, कारण वांग साध्या दिसणाऱ्या उजेडानेही वाढतं आणि पांढरं सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. स्कूटरवर स्कार्फ आहेच. पुण्यातल्या मुलींनी तोंडाला स्कार्फ बांधायला सुरुवात केली तेव्हा त्यांना नावं ठेवणाऱ्यांत मीही होते. आज वाटतं, त्यांच्या वयाची असताना मीही बांधायला हवा होता.

ओठांना आणि टाचांच्या भेगांना कोकमाचं तेल. कोकणातून येणारे ते मुठीत वळलेले पिवळट गोळे थंडीत दगडासारखे घट्ट असतात. दिव्यावर चमचा धरून थोडं वितळवायचं आणि झोपताना भेगेत भरायचं. माझ्या सासूबाई याला भिरंडेल म्हणायच्या. यापेक्षा गुणकारी काही महागड्या डबीतही मला अजून सापडलेलं नाही.

पांढरा केस कोरडा आणि चरबरीत असतो, त्याला तेल लागतं. रविवारी खोबरेल, दोन तासांनी शिकेकाई. रविवार तोच आहे, पण आता त्यात डोळ्यांची आग नाही. केसांचा काप मात्र चांगला हवा. पांढरे केस आणि बेढब वाढलेली टोकं हे एकत्र आलं की माणूस खरंच आजारी दिसतो. नुसत्या पांढऱ्या रंगाने दिसत नाही. रंगाचे जे पैसे वाचले ते मी दर दोन महिन्यांनी केस कापण्यावर घालवते.

कपड्यांबद्दल मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. माप नव्याने द्या. आपण पस्तिशीतल्या ब्लाउजवर टेलरला ‘याच मापाचं शिव’ म्हणतो आणि मग दंडात रुतणारी बाही आणि पाठीला पडलेल्या चुण्या घेऊन दिवसभर फिरतो. या वयात खांदे, छाती, कंबर सगळं बदलतं. गेल्या वर्षी मी पहिल्यांदा टेलरसमोर उभी राहून पूर्ण माप दिलं. बाही अर्धा इंच सैल, गळा थोडा वर, हुक पुढे, कारण खांदा आखडल्यापासून हात मागे जात नाही. त्या ब्लाउजवर साधी सुती साडी नेसले, तर दोघींनी विचारलं, साडी नवी आहे का. साडी बारा वर्षांपूर्वीची होती. आणि रंग! पांढऱ्या केसांखाली डाळिंबी, चिंतामणी, मोरपंखी असे जे उठून दिसतात, ते काळ्या केसांखाली मला कधी दिसले नव्हते. मी तर विटकरी इरकल आता पहिल्यांदा निर्भयपणे नेसते. डोळ्यांत काजळ घालते, कुंकू लावते, कार्यक्रमाला जाताना लिपस्टिक लावते. कुणी म्हणेल, मग हे नैसर्गिक कुठे राहिलं? मी त्याला नैसर्गिक म्हणतच नाही. मी नटते. नटणं हे माणसाचं फार जुनं आणि चांगलं काम आहे. नटताना आपण आहोत त्यावर काहीतरी चढवतो. लपवताना आपण आहोत ते नाही असं भासवतो. कुणाला रंगवलेले केसच दागिन्यासारखे आवडत असतील, तर तिने जांभळेसुद्धा करावेत, चाचणी करून. माझं भांडण धास्तीने रंगवण्याशी आहे.

पण साधेपणाची बाजू घेताना मला एक गोष्ट कायम टोचत राहते. आपल्याकडे साधेपणाही बायकांवर लादलेला आहे. बाईच्या केसांवर महाराष्ट्रात गावाचा, जातीचा, घराचा हक्क चालत आला. विधवेचं केशवपन करून तिला कायमचं विद्रूप करायचं, हा धर्म समजला जात होता. १८९० साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी ‘आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही’ म्हणून संप केला, ही आपल्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे, आणि शाळेत ती मला कुणी शिकवली नाही. केशवपन गेलं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी उतरवणं राहिलं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणजे विसाव्या शतकाची सगळी वर्षं उलटून गेल्यावर.

एकाच वयाच्या दोन बायका डोळ्यांसमोर आणाव्यात. एकीचा नवरा आहे, तिला आपण सांगतो, केस रंगव, नीट राहा, वय दाखवू नकोस. दुसरीचा नवरा गेला, तिला सांगतो, आता हे शोभत नाही, साधं राहा. पहिलीला साधं राहायची मोकळीक नाही आणि दुसरीला नटायची. दोघींचा आरसा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे. म्हणून माझ्या पांढऱ्या केसांचं जेव्हा कुणी ‘किती धीट आहेस’ म्हणून कौतुक करतं, तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं. माझा नवरा आहे, नोकरी आहे, माझा साधेपणा मी निवडला. माझ्या आईने निवडला नव्हता.

बाबा गेले त्याला आता तेरा वर्षं झाली. तिची एक शिसवी फणेरपेटी होती. झाकणाच्या आत आरसा, खाली खणांत फणी, मेणाची डबी, कुंकवाचा करंडा, काजळाची डबी. कपाळाला आधी बोटाने मेण लावायचं, मग त्यावर कुंकू गोल कोरायचं, असं ती रोज करायची आणि मी लहानपणी तिच्या मांडीला टेकून ते बघायचे. तेराव्यानंतर ती पेटी माळ्यावर गेली. कुणी सक्ती केली नाही. कुणी काही बोललंच नाही, मीही नाही. मोरपंखी आणि डाळिंबी साड्या वहिनीला आणि मला वाटून टाकल्या आणि तिच्यासाठी राखाडी, बदामी साड्या आणल्या, त्या मीच जाऊन आणल्या. ‘आईला आता असलेच रंग बरे दिसतात,’ असं मी दुकानात म्हटलेलं मला आठवतं. त्याच वर्षात केव्हातरी मी माझे केस पहिल्यांदा रंगवले होते.

या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी मी माळ्यावरून ती पेटी काढली, पुसली आणि आईला म्हटलं, उद्या तू आत बसायचं नाहीस, बाहेर सगळ्यांबरोबर बसायचं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाहेर येऊन बसली. मी पहिलं कुंकू तिला लावायला गेले, तर तिने माझा हात धरून हळूच खाली केला. तेरा वर्षांची सवय आहे, ती एका दुपारी जाणार नाही, हे मला कळायला हवं होतं. मग तबकातला गजरा तिने स्वतःच उचलला, वास घेतला आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

‘आकडा घट्ट लाव गं,’ म्हणाली. ‘केस फार विरळ झालेत माझे.’